पालथ्या पेल्याखाली

अटलांटिक सिटी,
२३ जानेवारी १९८७

प्रिय स्टेफा आत्या,

पत्र मिळालं. बुधवारी तू आली होतीस हे मला पत्राआधीच माहीत होतं. तुमची बस अकरा दहाला लागली आणि अकरा वीसला तुमच्या चर्चच्या वेदी मंडळाच्या अठ्ठेचाळीस बायका दाराच्या एकाच फळीतून आत घुसायला बघत होत्या. दुसरी फळीही उघडते. पुढच्या वेळी सांग त्यांना.

मी मान वर केली नाही म्हणून तू रागावली आहेस. नियम पुन्हा एकदा लिहिते. कामावर असताना नातेवाइकाशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. मी स्लॉट मशीनचं दार उघडते तेव्हा छतातल्या कॅमेऱ्यातून कुणीतरी माझे हात बघत असतं. तू हॉलच्या मधोमध उभी राहून "इर्का, स्वेटर कुठाय तुझा" असं ओरडलीस, त्या वेळी माझ्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि समोर नाण्यांनी भरलेली टाकी उघडी होती. वरच्या माणसाला त्यात स्वेटर दिसत नाही.

तुमची बस पाचला सुटते. माझी पाळी साडेपाचला संपते. हे वेळापत्रक मी केलेलं नाही.

येऊ नकोस असं माझं म्हणणं नाही. 'सिल्व्हर पेलिकन' सगळ्यांना खुला आहे. फक्त आलीस तर इतर लोक बसतात तशी बस.

रविवारी येता येणार नाही. ओव्हरटाइम आहे.

तुझी,
इरेना

---

पोर्ट रिचमंड, फिलाडेल्फिया,
३१ जानेवारी १९८७

इर्का पोरी,

सात वर्षांची होतीस तेव्हा तुला उचलून घरी आणली. तेव्हाही तू अशीच बोलायचीस. सूप दिलं की म्हणायचीस, "यात गाजराचे अकरा तुकडे आहेत." आवडलं का नाही ते कधी सांगितलं नाहीस.

बरं, ओरडणार नाही. पण मला जुगाराचं शिकवू नकोस. त्याआधीच्या फेरीला मी मशीनवर तीन चेरी एका ओळीत लावल्या. मशीन असं खणखणलं की शेजारच्या पेल्काबाईची कवळी निसटली. सबंध बसमध्ये माझ्यासारखी नशीबवान बाई नाही. परतीच्या वाटेवर सगळ्या विचारत होत्या, स्टेफा, तुझं गुपित काय? मी म्हटलं, माझी भाची तिथे मशीनची डॉक्टरीण आहे.

हे मी सांगायला नको होतं की काय? कारण आता त्या तुझ्यावर डोळा ठेवून असतात. पेल्काबाईचं म्हणणं, तू ज्या मशीनचं पोट उघडतेस ते सैल होतं आणि पुढच्या दहा मिनिटांत पैसे ओकतं. त्यामुळे तू दार लावून उठलीस की सहा-सात म्हाताऱ्या काठ्या टेकत तिकडे धावतात. या बुधवारच्या फेरीत त्यातल्या दोघी एकाच खुर्चीवर बसल्या. त्या एकमेकींशी १९५२ पासून बोलत नाहीत.

आणखी एक. नाताळच्या आदल्या दिवशी मी खुर्चीवर पेला पालथा ठेवून बाथरूमला गेले होते, जागा धरायला सगळ्याच ठेवतात तसा. परत आले तर पेला तसाच, पण खाली ठेवलेलं गायब. तुमच्याकडचे झाडूवाले फार चपळ आहेत. काही विशेष नव्हतं. सोड.

इकडे थंडीने दारातल्या संगमरवरी पायरीला चीर गेली आहे. गवंडी म्हणतो, बदलावी लागेल. शवपेट्या विकणाऱ्याचा मुलगा काझिमिर अजून बिनलग्नाचाच आहे. रस्त्यात भेटला की माणसाची उंची डोळ्यांनी मापतो, पण मुलगा सालस आहे.

तुझी आत्या

---

अटलांटिक सिटी,
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय आत्या,

मशीन सैल होत नाही. आत एक चिप असते, ती आकडा निवडते. चाकं तो आकडा फक्त दाखवतात. मी दार उघडते ते अडकलेलं नाणं काढायला किंवा दिवा बदलायला. दिवा बदलल्यावर मशीनची वृत्ती बदलत नाही. हे पेल्काबाईंना सांग. त्या माझ्या इतक्या जवळ उभ्या राहतात की त्यांनी जेवणात काय घेतलं ते मला कळतं.

तू बसतेस त्या दुसऱ्या रांगेत चेरीची मशीन नाहीत. लिंबं, घंटा आणि सातचे आकडे आहेत. तुला जे लागलं ते नीट आठवून बघ.

पालथ्या पेल्याखाली काय होतं ते तू लिहिलेलं नाहीस. हॉलमध्ये सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद होते, झाडूवाले काही नेत नाहीत.

मी सहावीत असताना पाच फूट एक इंच होते. आता पाच चार आहे. हे काझिमिरला कळव, म्हणजे मापायला नको.

पायरी बदलून घे. चिरेत पाणी गोठलं की दगड फुटतो, आणि तू मार्चमध्ये पडशील.

इरेना

---

पोर्ट रिचमंड,
६ मार्च १९८७

इर्का,

आधी बस, मग वाच. तुझी आत्या अजून कामाची आहे.

बुधवारी राखेचा बुधवार होता हे तुला आठवत असेल, अगदीच नास्तिक झाली नसशील तर. उपासाचे चाळीस दिवस सुरू. बसफेरी रद्द करावी का यावर मंडळात चर्चा झाली. फादर बोनिफास म्हणाले, या काळात प्रत्येकीने आपल्या आवडीची एक गोष्ट सोडावी. सगळ्यांनी एकमताने चॉकलेट सोडलं. सकाळी सातला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, फादरनी प्रत्येकीच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, "माती आहेस, मातीला मिळशील" म्हणाले, आणि साडेनऊला आम्ही माती झालेल्या अठ्ठेचाळीस जणी बसमध्ये बसलो.

दुपारी दोनच्या सुमाराला माझ्याशेजारी एक सूटवाला येऊन बसला. केस तेलाने चप्प, बूट नवे. मला म्हणाला, "बाई, तुमच्या सगळ्यांच्या कपाळावर ही काळी खूण कसली?"

मी म्हटलं, "आम्ही मरणार आहोत त्याची."

तो जरा मागे सरकला. मग मानेने तुझ्याकडे दाखवत म्हणाला, "ती समोर मशीन उघडून बसलेली मुलगी. ओळखता तिला?"

आता तूच सांग. आपल्या गल्लीत हे शिकवावं लागतं का? सूटवाला विचारतो तेव्हा आपण कुणालाही ओळखत नाही. दारूबंदीच्या काळात तुझे आजोबा न्हाणीच्या टबात दारू गाळायचे तेव्हा मी आठ वर्षांची होते. पोलिसाने विचारलं, हा माणूस तुझा बाप ना? मी म्हटलं, मी यांना आजच बघतेय. त्या संध्याकाळी बापाने मला हातभर लांब पेपरमिंटची कांडी दिली.

मी सूटवाल्याला म्हटलं, "मुलगी आहे होय ती? मला वाटलं मुलगा."

"नाव माहीत आहे तिचं?"

"या वयात माझं मला आठवत नाही."

"तुम्ही इथे नेहमी येता?"

"मी जुगारी बाई आहे," मी म्हटलं. "मला सोडवत नाही."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं, मी तुला एकदाच. आणि आरवलं ते पेल्काबाईचं मशीन. तिला बेचाळीस नाणी लागली, तू दहा मिनिटांपूर्वी दिवा बदललेल्या मशीनवर. तेव्हा तुझ्या त्या चिपला माझा नमस्कार सांग.

पेपरमिंट पाठवायची गरज नाही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझी आत्या

---

अटलांटिक सिटी,
१० मार्च १९८७

प्रिय आत्या,

तो सूटवाला म्हणजे मिस्टर गॅडिस, आमच्या चौकशी विभागाचा. गुरुवारी सकाळी त्याने मला बोलावलं. गुरुवारपासून मी हॉलमध्ये नाही, तळघरात आहे. नाण्यांच्या टाक्या पुसते.

काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे आपल्या दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट राहील.

कॅमेऱ्यांच्या खोलीत एक नवा माणूस आला आहे. युटाच्या वाळवंटातून आलेला. राखेचा बुधवार त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला पडद्यावर कपाळावर एकसारखी खूण असलेल्या बायका एका तंत्रज्ञामागे या मशीनवरून त्या मशीनवर पळताना दिसल्या. त्याने टोळी आहे असं कळवलं. गॅडिस स्वतः कॅथलिक आहे. तुला त्याने खुणेबद्दल विचारलं ते फक्त बोलणं सुरू करायला. टोळीवर तो हसला, पण जुन्या टेप त्याने काढून बघितल्याच, आणि त्यात त्याला एक बाई सापडली. दर दुसऱ्या बुधवारी येते. तंत्रज्ञ दिसेल अशीच खुर्ची धरते. तंत्रज्ञ हलली की तीही हलते. इथल्या भाषेत अशा माणसाला 'राखणदार' म्हणतात. तंत्रज्ञ मशीनमध्ये काहीतरी करते, राखणदार साथीदारांना सांगतो.

तरी हे मिटलं असतं. गॅडिसने तुला विचारलं, ओळखता का. तू नाही म्हणालीस. मग त्याने माझी फाइल उघडली. पहिल्या पानावर, 'आणीबाणीत कळवायची व्यक्ती' यापुढे तुझं नाव आहे. स्टेफानिया म्रोझ, आत्या, पत्ता, फोन. जिला अपघात झाला तर पहिल्यांदा तुला बोलावतील, तिला तू ओळखत नाहीस. लपवण्यासारखं काही नसेल तर आत्या असं का म्हणेल, असं त्याने मला विचारलं. पेपरमिंटची गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. असती तरी सांगितली नसती.

माझ्या परवान्याचं नूतनीकरण ९ एप्रिलला राज्याच्या कसिनो समितीपुढे आहे. नाकारला गेला तर या राज्यातला कुठलाच कसिनो मला ठेवणार नाही, आणि मला दुसरं काम येत नाही.

काही कागद आहेत, त्यांनी हे संपेल. ते माझा शिफ्टप्रमुख मिस्टर टिली याच्या टेबलाच्या खणात आहेत. खणाला कुलूप आहे, किल्ली टिलीकडे आहे, आणि टिली हर्नियाचं ऑपरेशन करून बहिणीकडे पडला आहे. कुठल्या बहिणीकडे ते ऑफिसात कुणाला माहीत नाही. त्याला पाच आहेत.

कागद मिळाले तरी तुझा जबाब लागेल. १८ तारखेच्या बसने ये. गॅडिसला भेट. तू माझी कोण ते सांग. आणि दिवसभर तू तिथे बसून काय करतेस, ते खरं सांग.

इरेना

---

पोर्ट रिचमंड,
१४ मार्च १९८७

इर्का,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग फादर बोनिफासना दाखवलं. ते म्हणाले, सत्य तुम्हाला मुक्त करील. मी म्हटलं, फादर, तुमच्या गल्लीत करत असेल.

मी त्याला चिठ्ठी लिहून पाठवते, चालेल? "ही माझी भाची आहे, मी घाबरून खोटं बोलले, आपली नम्र." एवढ्यात काम झालं पाहिजे. बाकी मी तिथे काय करते यात सांगायचं काय? खेळते. सगळे खेळतात. पेल्काबाई शपथेवर सांगेल. ती कशावरही शपथ घेते. मला व्यसन आहे असं लिही, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणते. आपला डॉक्टर मागेल ते लिहून देतो, मागे पेल्काबाईच्या कुत्र्याला दम्याचं दिलं होतं.

अठराला जमणार नाही. गवंडी येणार आहे. पायरी अखेर फुटलीच, तू म्हणालीस तशी. अगदी मधोमध.

आणि इतकी वर्षं त्या खारट हवेत राहून तुला दुसरं काम येत नाही, हे मी काल ऐकलं काय? तेव्हाच म्हटलं होतं. पण तुला बोललेलं आठवतं. माझंच चुकतं, मी बोलते फार.

आत्या

---

अटलांटिक सिटी,
१९ मार्च १९८७

आत्या,

काल बस आली. सत्तेचाळीस उतरल्या.

तू खेळत नाहीस. टेपमध्ये अकरा बुधवार आहेत, त्यात तू एकही नाणं टाकलेलं नाहीस. बसवाले प्रत्येकीला पाव डॉलरच्या नाण्यांची जी गुंडाळी देतात ती न फोडता तू पर्समध्ये ठेवतेस. चिठ्ठीत तू खेळते असं लिहिलंस तर ते तिसरं खोटं होईल. आणि त्याची शिक्षा मला होईल, तुला नाही.

कारण काय ते मी विचारत नाही. मला कारण नको. मला सही हवी आहे.

तू बोललेलं मला आठवतं, हे खरं आहे. ऑगस्ट १९८४, मी बॅग घेऊन दारात उभी होते. तू म्हणालीस, "गेलीस तर पुन्हा माझी पायरी चढायची नाही." मी ते जसंच्या तसं घेतलं. तू ते कधी मागे घेतलं नाहीस, म्हणून मी रविवारी ओव्हरटाइम घेते.

पुढची बस १ एप्रिलला आहे.

इरेना

---

पोर्ट रिचमंड,
३ एप्रिल १९८७

इर्का,

आले, भेटले, सही केली. तुला तळघरातून वर सोडलं नाही, तेव्हा हे सगळं तुला पत्रातूनच कळणार. म्हणून सविस्तर लिहिते.

गॅडिसची खोली म्हणजे आपल्या चर्चच्या पापनिवेदनाच्या खोक्याएवढी, फक्त दिवा जास्त. मी हिरवा कोट घातला होता. त्याने मला कॉफी दिली. वाईट होती. टेबलावर एक खाकी पाकीट होतं, ते त्याने उघडलं नाही.

म्हणाला, "मिसेस म्रोझ, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, ती मुलगी ओळखीची नाही."

"ती माझ्या भावाची मुलगी," मी म्हटलं. "तो आणि तिची आई गेल्यावर मी वाढवली. सूटवाल्याला खरं सांगायची आमच्यात पद्धत नाही. मनाला लावून घेऊ नका, सूट चांगला आहे."

"आणि तुम्ही जुगारी आहात."

"नाही."

"मग दर दुसऱ्या बुधवारी सहा तास करता काय?"

आता इथे मला वाटलं, कॉफी सांडावी. चक्कर यावी. मी तुला खरं सांगते, चोर आहे म्हणून सांगणं सोपं गेलं असतं. त्या बसमध्ये मला मान आहे, पोरी. जुगारी बाईला लोक मान देतात. तिच्यात अजून धग आहे म्हणतात. पण जिची पोर साठ मैलांवर राहून घरी येत नाही, त्या बाईला काय देतात माहीत आहे? सूप. झाकण लावून, फडक्यात बांधून, सूप आणून देतात आणि मान तिरकी करून बघतात. मला ते सूप नको होतं. म्हणून तीन चेरी.

मी त्याला सांगितलं, "मी तिला बघायला येते. ती मशीनकडे तोंड करून काम करते, त्यामुळे बहुतेक पाठच दिसते. पाठ बघते. बारीक झाली का ते पाठीवरून कळतं. पाचला बस सुटते, मग जाते."

पाकिटातून कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, "टिलीची किल्ली सकाळी आली. चौथ्या बहिणीकडे होता. हे तुम्ही वाचलेलं बरं. मला ते टेपमधल्या तुमच्या जागांशी ताडून बघायचे होते, पण जुळतात हे वाचतानाच कळलं."

अकरा फॉर्म. 'कर्मचाऱ्याचा नातेवाईक हॉलमध्ये उपस्थित असल्याची सूचना'. सगळे तुझ्या त्या छापील अक्षरात. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागले.

"१५ ऑक्टोबर. आत्या, स्टेफानिया म्रोझ. दुसरी रांग, नववी खुर्ची. हिरवा कोट, वरून तिसरं बटण नाही. खेळ: नाही."

"२६ नोव्हेंबर. तीच खुर्ची. खोकला, साधारण दर चार मिनिटांनी. दाराजवळचा वारा नवव्या खुर्चीपर्यंत येतो, दाराचं स्प्रिंग दुरुस्त करण्याची विनंती सोबत जोडली आहे. खेळ: नाही."

"७ जानेवारी. जेवणाचं कूपन श्रीमती पेल्का यांना दिलं. अकरा ते पाच काही खाल्लं नाही. खेळ: नाही."

"४ फेब्रुवारी. नवा चष्मा. शोभत नाही. खेळ: नाही."

चष्म्याचं नंतर बघू. इर्का, मला वाटायचं तू एकदाही बघितलं नाहीस. तू पहिल्या बुधवारपासून बटणं मोजत होतीस. आणि मी चेरीच्या गोष्टी लिहीत होते आणि तू लिहीत होतीस, त्या रांगेत चेरी नसतात. त्या ओळीवर मी किती चिडले होते.

गॅडिस म्हणाला, "तुमच्या भाचीने नियम काटेकोर पाळला. इतका काटेकोर आजवर कुणी पाळला नव्हता. टिलीला वाटलं, एका आत्यासाठी वर कशाला पाठवायचं. म्हणून खणात दाबून ठेवले."

मग एक फॉर्म राहिला होता, तो त्याने स्वतः माझ्याकडे सरकवला आणि खिडकीकडे बघायला लागला. त्या खोलीला खिडकी नाही. तो भिंतीकडे बघत होता.

"२४ डिसेंबर. दुसरी रांग, नववी खुर्ची. बसमध्ये फक्त नऊ प्रवासी होते. नातेवाईक तीन दहाला उठली. खुर्चीवर पालथा पेला. पेल्याखाली पातळ कागदात नाताळची पांढरी पापडी, अर्धी. उरलेली अर्धी तिने आधी खाल्ली असावी, एक पापडी मोडून घरच्यांनी वाटून खायची पद्धत आहे. नातेवाइकाकडून मिळालेली वस्तू: वरीलप्रमाणे. अंदाजे किंमत: लिहिता येत नाही. वस्तूचं काय केलं: खाल्ली. खेळ: नाही."

मी इतकी वर्षं ती पापडी मोडतेय. आधी तुझ्या आजोबांबरोबर, मग तुझ्या बापाबरोबर, मग तू लहान होतीस तेव्हा तुझ्याबरोबर. त्याआधीच्या नाताळला टेबलावर रिकामी ताटली मांडली आणि तिच्याशीच मोडली. या नाताळला म्हटलं, ताटलीपेक्षा खुर्ची बरी. मग झाडूवाल्याने नेली असं समजून परतीच्या बसमध्ये सगळा रस्ता त्याला शिव्या दिल्या. तो कोण आहे त्याला माझी माफी कळव.

मी रडले नाही. गॅडिसला सर्दी झाली होती, त्याचं नाक वाहत होतं.

त्या नाण्यांच्या गुंडाळ्या दर रविवारी मी चर्चच्या ताटात टाकते. कागदावर पेलिकन छापलेला असतो. पेलिकन पक्षी हे प्रभूचं चिन्ह आहे, म्हणून फादर बोनिफास समजतात की कुणीतरी भक्त मुद्दाम छापून घेतोय. त्यांना काही सांगू नकोस.

आता पायरीचं. गवंड्याने जुनी फोडून काढली, तुकडे महापालिकेच्या गाडीतून गेले. नवी सिमेंटची आहे, दिसायला कुरूप. मी जे बोलले ते जुन्या पायरीबद्दल बोलले होते. नव्या पायरीबद्दल मी आजवर एक शब्दही बोललेले नाही. तू शब्द धरून चालतेस, म्हणून नीट लिहून देते.

एकच विचारायचं राहिलं. पापडी खाताना मागणं मागायचं असतं, तुला शिकवलं होतं. का नुसतीच गिळलीस?

आत्या

---

अटलांटिक सिटी,
१० एप्रिल १९८७

प्रिय आत्या,

काल समितीने परवाना दिला. बैठक सहा मिनिटं चालली. त्यातली चार मिनिटं एक सदस्य दाराचं स्प्रिंग दुरुस्त झालं का ते विचारत होता. झालं नव्हतं. आज सकाळी मीच केलं.

सोमवारपासून पुन्हा हॉलमध्ये आहे. कॅमेऱ्यांच्या खोलीतल्या युटावाल्याने माझी माफी मागितली, आणि राखेच्या बुधवारनंतर अजून काय काय असतं ते विचारलं. मी त्याला सांगितलं, ईस्टरआधीच्या पाम रविवारी त्याच बायका हातात झावळ्या घेऊन येतील, घाबरू नकोस.

पाम रविवारी बस नसते हे त्याला माहीत नाही.

बुधवारी, १५ तारखेला, मी पाळी बदलून घेतली आहे. साडेचारला सुटते. तुमच्या बसच्या ड्रायव्हरशी बोलले. नऊ क्रमांकाची जागा रिकामी आहे. तिथे पेल्काबाई पाय ठेवतात, त्यांना पाय खाली घ्यायला सांग. बस साडेसहाला पोर्ट रिचमंडला पोचते, पुढे चालत अकरा मिनिटं. ईस्टरपर्यंत रजा आहे. काझिमिरला बोलावू नकोस.

तू यायची गरज नाही, मी येतेच आहे. पण आलीस तर जेवणाचं कूपन स्वतः वापर. आणि तो चष्मा घालू नकोस.

तू पापडीबद्दल विचारलंस. त्या फॉर्ममध्ये मागण्यासाठी रकाना नव्हता. बुधवारी नव्या पायरीवर सांगते.

तुझी,
इर्का